डावीकडे वळलेली मान

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. आकाश स्वच्छ, वारा नाही. सकाळी नळाला पाणी बारीक. बैठकीचे पडदे धुतले, दुपारपर्यंत वाळले. जेवणानंतर धाकटी आली. सफरचंद पुढे केलं तर किसून मागितलं. तोंड उघडत नाही म्हणाली. म्हणाली म्हणजे चिठ्ठीवर लिहून दाखवलं. मान डावीकडे कललेली. चहा गार करून नळीने प्यायली. मी विचारलं, रडलीस का? नाही अशी मान हलवायला गेली, तीही धड हलली नाही. दिवेलागणीच्या आत घरी गेली.

ताईच्या डायरीतल्या या धाकट्या बहिणीला लहानपणी घरात सगळे टकळी म्हणत. सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू, ते झोपेतही पुरतं मिटत नसे. वडील म्हणायचे, पोरीच्या जिभेला हाड नाहीच, पण विसावाही नाही. अशा मुलीला ऐकू न येणाऱ्या माणसाचं स्थळ सांगून आलं, तेव्हा नातेवाइकांना हसावं की रडावं कळेना. मामी तर सगळ्यांसमोर म्हणाली, "बरं झालं, निदान एकाचे तरी कान वाचले."

स्थळ घड्याळजीचं होतं. लहानपणी तापात त्याचे कान गेले होते. त्याआधी शिकलेलं बोलणं शिल्लक होतं, पण आवाजाला चढउतार नव्हता. 'चहा हवा' म्हणाला काय आणि 'आग लागली' म्हणाला काय, सूर एकच. समोरच्याच्या ओठांवरून त्याला बोलणं कळायचं. मुलगी बघायला आला तेव्हा धाकटी सवयीप्रमाणे भडाभडा बोलत सुटली आणि तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. इतकं लक्ष देऊन तिचं बोलणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे होकार दिला.

लग्नाच्या आधी आईने तिला जवळ बसवून घेतलं. "हे बघ, त्याच्याशी बोलताना पुटपुटायचं नाही. एकेक शब्द तोंड भरून. ओठ, दात, जीभ, सगळं दिसलं पाहिजे." धाकटीने मनाशी खूणगाठ बांधली आणि त्यानंतर नवऱ्याशी एक शब्दही कधी साध्या तोंडाने बोलली नाही.

दुकान अरुंद होतं. दोघंही रस्त्याकडे तोंड करून बसत. त्याच्या डाव्या हाताला खिडकी, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो, नाहीतर हाताची सावली नेमकी कामावर पडते. त्याच्या उजव्या बाजूला धाकटीचं स्टूल आणि गिऱ्हाइकांचं काउंटर. गिऱ्हाईक यायचं, घड्याळ काढून ठेवायचं, मागे पडतंय, पुढे पळतंय, पाण्यात पडलं, पोराने आपटलं, अशी तक्रार सांगायचं. धाकटी ऐकून घ्यायची, टेबलावर दोन टिचक्या मारायची. लाकडातून तो धक्का त्याच्या कोपरापर्यंत पोचायचा. तो डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून वर बघायचा. मग ती मान डावीकडे वळवून, हनुवटी पुढे काढून, आवाज न करता तोंड एवढं मोठं करून त्याला सगळं सांगायची. तो उत्तर द्यायचा. ती मान सरळ करून ते गिऱ्हाइकाला सांगायची. पुन्हा टिचक्या, पुन्हा मान डावीकडे. हे दिवसभर, दुकान उघडल्यापासून कुलूप लावेपर्यंत, आणि असे दिवस म्हणजे सगळा संसारच.

नवी गिऱ्हाइकं बिचकायची. एकदा एक बाई घाबरून म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का? जांभई अडकली का?" जुनी गिऱ्हाइकं सरावली होती. शेजारचा छापखानेवाला म्हणायचा, "वहिनी, तुमचं बोलणं मला आमच्या दुकानातून दिसतं. ऐकू येत नाही एवढंच."

मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघांनी जे काय बोलायचं ते त्याच टेबलाशी, गिऱ्हाईक नसताना बोलून घेतलं होतं. ती सांगायची, तो मान हलवायचा.

जबड्यात पहिल्यांदा कट् झालं तेव्हा ती पाव खात होती. उजव्या कानाच्या पुढ्यात, आतल्या आत, कुणी बारीक काडी मोडावी तसं. तिला वाटलं दाताखाली खडा आला. मग ते रोजचं झालं. तोंड उघडलं की कट्, मिटलं की कट्. नवऱ्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं आणि तिने सांगितलं नाही. पुढे कान दुखायला लागला, मग उजवी दाढ, मग मानेची डावी शीर खांद्यापर्यंत ताठली. घरात झाडू मारताना ती सगळ्या अंगानिशी वळू लागली, कपाट सरकवावं तशी.

दातांच्या डॉक्टरने दाढ ठोकून पाहिली, शंका घेतली आणि काढून टाकली. निम्मं तोंड सुन्न करून तिला घरी पाठवलं. सुन्नपणा उतरला, दाढेची जागा भरून आली, दुखणं होतं तिथेच होतं.

"दाढ दुखत होती, दाढ काढली, आता काय दुखतं?" ताईने विचारलं.

"दाढच," धाकटी म्हणाली.

"नसलेली?"

"हो."

ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि नसलेली गोष्ट दुखते यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरकडे धाकटी मान घेऊन गेली. जबड्याचं तिने त्याला सांगितलंच नाही. तो मानेचा डॉक्टर, त्याला तोंडाचं काय सांगायचं? दातवाल्याला तिने मानेचं सांगितलं नव्हतं, तसंच. डॉक्टरने गळ्याला पट्टा दिला, जाड, हनुवटीखाली टेकणारा. पट्ट्याने मान धरून ठेवली खरी, पण हनुवटी वर ढकलली गेली आणि वरचे-खालचे दात दिवसभर एकमेकांवर दाबून राहिले. तशातही टिचकी मारली की ती पट्ट्यासकट डावीकडे वळायचीच, आणि पट्ट्याच्या वर तोंड आणखी मोठं करायची. शेवटी एका सकाळी जांभई अर्ध्यावर आली आणि जबडा अडला. पुढे उघडेना. आरशात बघितलं तर दातांमधून एक बोट जेमतेम जाईल एवढी फट, आणि हनुवटी उजवीकडे सरकलेली.

त्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं. तिने टिचक्या मारल्या, नवऱ्याने वर बघितलं, आणि तिने तोंड उघडलंच नाही. एवढ्याशा फटीतून त्याला काय दिसणार? पावतीच्या चिठ्ठीच्या मागे लिहून त्याच्यापुढे सरकवलं. 'काच बदलायची. पट्टा तोच.' त्याने वाचलं. तिच्याकडे बघितलं. आणखी काही येईल म्हणून थांबला. काही आलं नाही तेव्हा भिंग खाली ओढलं.

मग घरातही चिठ्ठ्या आल्या. 'जेवण वाढलंय.' 'उद्या बिल भरायचं.' 'दूध उतू गेलं, चहा काळा.' लिहायचं म्हटलं की माणूस कामापुरतंच लिहितो. छापखानेवाल्याने टाळूवर केस लावलेत आणि वाऱ्यात ते एका बाजूने उठतात, हे कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही. टकळी थांबली ती अशी.

धाकटीला त्याचं वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. भात मऊ शिजवायची, गिळायची. भांडी घासायची. गादीवर पडून छताकडे बघायची, कारण कुशीवर मान चालत नव्हती. कुणी विचारलं तर हाताने 'ठीक' म्हणायची. एकदा दुकानात टेबलाच्या कडेशी तिचं बोट चिमटलं, रक्त आलं, आणि ते आपलंच आहे हे तिला बघून कळलं.

मग एका दुपारी तिने टिचक्या मारल्या आणि घड्याळजीने वर बघितलं नाही.

तिला वाटलं धक्का पोचला नसेल. तिने पुन्हा मारल्या. त्याचं कोपर टेबलावरच होतं. चिमट्यात धरलेलं बारीक चाक जरासं हललं, म्हणजे धक्का पोचला होता. त्याने फक्त डावा हात पुढे केला, तळवा वर, चिठ्ठीसाठी. मान खालीच.

ओठ वाचणाऱ्या माणसाने वर बघणं सोडलं म्हणजे त्याने ऐकणं सोडलं. धाकटीने चिठ्ठी त्या तळव्यावर ठेवली. दुसऱ्याच दिवशी ती ताईकडे आली, आणि किसलेलं सफरचंद अर्धं टाकून तिने ताईला दुसरी चिठ्ठी लिहून दिली. 'ते आता माझ्याकडे बघत नाहीत.'

ताईने चष्मा लावून वाचली, खाली ठेवली. "तू बोलतेस का त्यांच्याशी?"

धाकटीने बोटाने तोंड दाखवलं.

"एवढ्या फटीतून माझ्याशी बोल की. मला ऐकू येतं."

"कशाला?" धाकटी दातांमधून म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिचा तो पहिला शब्द होता.

"कशाला म्हणजे? भांडायला. गप्प राहून कुणाशी भांडता येत नाही." ताईने तिच्या मानेवर हात ठेवला, मग गालावर, मग पुन्हा मानेवर. "दोन्हीकडे दगड आहेत. दातवाल्याला मान दाखवलीस?"

नाही.

"आणि मानवाल्याला दात? देवा. दोन दारांत दोन अर्धी दुखणी वाटून आलीस."

ताईने चौकशी करून व्यायामाने उपचार करणाऱ्या एका बाईंचं नाव काढलं. मान, खांदे, जबडा असलं बघणाऱ्या. नवऱ्यालाही घेऊन जा, तिने बजावलं. धाकटीने विचारलं, त्यांना कशाला? ताई म्हणाली, "तुझं दुखणं काय एकटीचं आहे?"

बाईंची खोली साधी होती. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर स्नायूंचं लाल चित्र. बाई चाळिशीच्या, हात गरम. त्यांनी धाकटीला उताणं निजवून डोकं तळव्यांत धरलं आणि कवटीच्या खाली बोटं टेकवून बराच वेळ काही केलं नाही. मग गालांचे स्नायू चाचपले. डाव्या मानेचा एक दोर दाबला तर उजव्या दाढेच्या रिकाम्या जागेत कळ गेली. धाकटीने त्या जागेकडे बोट केलं.

"तेच," बाई म्हणाल्या. "मानेचे आणि जबड्याचे स्नायू म्हणजे एका घरातल्या जावा. एकीने अंग काढलं की काम दुसरीवर पडतं, आणि दुखणं सांगते तिसरीच. तुमची मान कायम डावीकडे वळलेली, हनुवटी पुढे. त्यात जबडा आपल्या खोबणीत सरळ बसत नाही. वर तुम्ही तोंड ताणता. सांध्यात एक छोटी गादी असते, ती ओढून ओढून सरकली आणि आता दारात अडकून बसलीय. पट्टा काढून टाका आधी. डावीकडे काय आहे तुमच्या?"

धाकटीने नवऱ्याकडे बोट केलं. तो खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला होता आणि बाईंच्या तोंडाकडे बघत होता.

मग बाईंनी तिला शिकवलं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टेकलेली. हनुवटी आत. बोलायचं ते बेताने, दात जरासे उघडून, मान सरळ ठेवून. ताणायचं नाही, मोठं तोंड करायचं नाही. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची.

धाकटी उठून बसली. दातांमधून म्हणाली, "मग यांना कसं कळणार?"

बाई घड्याळजीकडे वळल्या. "काय हो, त्या लहान तोंडाने बोलल्या तर कळेल तुम्हाला?"

"तुमचं कळतंय," तो आपल्या सपाट आवाजात म्हणाला. "तुम्ही कुठे मोठं तोंड करता?"

"आणि त्यांचं?"

त्याने टोपी फिरवली. "ती तोंड एवढं करते तेव्हा शब्द वाकडे होतात. अर्धं कळतं. उरलेलं मी जुळवतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

धाकटीने हातरुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"मग सांगितलं का नाही इतकी वर्षं?" शेवटी बाईंनीच विचारलं.

"बघायला गेलो तेव्हा ती साधी बोलत होती. सगळं कळलं होतं. लग्नानंतर बघतो तर असं." त्याने गालांजवळ दोन्ही हात फाकवून दाखवलं. "मला वाटलं लग्न झालं की यांच्या घरच्या बायका असंच बोलतात. मग वाटलं, मेहनत घेतेय. हिरमोड कशाला करायचा?"

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. धाकटीला ना हसू आलं ना रडू. आपला जबडा, आपली मान, आपली दाढ ज्याच्यासाठी खर्ची पडली त्याला त्याची गरजच नव्हती, हे तिला समजलं, पण पलीकडच्या घरातली बातमी समजावी तसं. ती चपला घालून बाहेर आली.

घरी पोचल्यावर दार उघडून त्याने दिवा लावला, खुर्ची ओढली, आणि तिच्या समोर बसला. वर बघितलं. हात पुढे केला नाही.

धाकटीने खिशातली पेन्सिल चाचपली. पण ती काढली नाही. मान सरळ, दात जरासे सुटे, आवाज न काढता ती म्हणाली, "काय काय कळलं नाही?"

"ते कसं सांगणार? कळलं नाही ते नाहीच कळलं."

"मूल दत्तक घ्यायचं विचारलं होतं मी. टेबलाशी. तुम्ही मान हलवली होतीत."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. एवढ्याशा हालचालीतला एकही शब्द त्याच्या हातून सुटलेला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नको म्हणून हलवली होतीत," ती म्हणाली.

"आठवत नाही," तो म्हणाला. "तू खूप बोलायचीस. मी कधी असं हलवायचो, कधी तसं. जेवायला बोलवायचीस ते कळायचं."

तिने ते ऐकलं. तिला वाटलं आता आत काहीतरी तुटेल, निदान हलेल. काही झालं नाही. जबड्यात कट् झालं, तेवढंच. आता दोघांच्या वयाला त्या प्रश्नाचं उत्तर कुठेच बसत नव्हतं. हो असलं तरी आणि नको असलं तरी.

"आत्ता विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं," तो म्हणाला. त्याच सुरात, 'चहा हवा'च्या.

"आत्ताचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली आणि भात लावायला उठली. तो तिच्या मागे स्वयंपाकघरात आला आणि ओट्याच्या पलीकडे, तिचं तोंड दिसेल असा उभा राहिला. यापूर्वी तो कधी तिथे येत नसे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर जागेचा प्रश्न आला. जागांची अदलाबदल करून भागेना. ती खिडकीच्या बाजूला बसली की उजेड तिच्या पाठीशी आणि तोंड अंधारात. लहान तोंड आणि तेही अंधारात, म्हणजे सगळंच मुसळ केरात. घड्याळजी बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता. मग त्याने छापखानेवाल्याला खुणेने बोलावलं आणि दोघांनी मिळून आपलंच टेबल आडवं फिरवलं. आता धाकटी समोरासमोर, गिऱ्हाईक तिच्या हाताशी, स्टूल सगळंच फिरणारं. मान वळवायचं काम नाही. पण खिडकी घड्याळजीच्या पाठीमागे गेली, आणि त्याची स्वतःची सावली कामावर पडायला लागली.

"दिसेल का तुम्हाला?" धाकटीने विचारलं. साधं, लहान.

"दिवा लावीन."

"दिवसा?"

"दिवसा."

छापखानेवाला टेबलाला टेकून धापा टाकत होता. "वहिनी, काय बोललात? मला आज काहीच दिसलं नाही."

"तुमच्यासाठी नव्हतंच ते," घड्याळजी म्हणाला.

दिव्याखाली त्याच्या डोळ्याला पाणी यायचं. केसाएवढी स्प्रिंग बसवायची असली की तो ती कामं सकाळी उठून दारात बसून करायचा, तीही कमी घेऊ लागला. धाकटीने एकदा म्हटलं, टेबल परत पूर्वीसारखं करू. तो नको म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही, त्याने पुन्हा सांगितलं नाही. बाईंकडे ती जात राहिली. फट एका बोटाची दोन बोटांची झाली, तिथे थांबली. कट् आवाज गेला नाही. बाई म्हणाल्या, दुखत नसेल तर राहू दे, घरातलं एखादं दार कुरकुरतंच. मान उजवीकडे अर्धी वळायला लागली. पाव चहात बुडवून खाता येऊ लागला.

टकळी काही पूर्वीसारखी सुरू झाली नाही. पण गिऱ्हाईक नसलं की मधूनच ती काहीतरी बोलायची आणि तो भिंग वर सरकवून बघायचा. टिचक्या लागत नव्हत्या. ती समोरच होती.

पडदे पुन्हा धुवायला आले तेव्हा दोघं ताईकडे आली. घड्याळजीने शिडीवर चढून पडदे काढून दिले. ताई खाली शिडी धरून, धाकटी दारात. धाकटीने वर बघून काहीतरी म्हटलं. ओठ हललेसे वाटले, एवढंच. ताईने इतकी वर्षं दोघांचं बोलणं खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला वाचलं होतं. आज तिला अक्षर कळलं नाही. घड्याळजी शिडीवरून म्हणाला, "तो वेडाच आहे," आणि धाकटीच्या गालावर, सरकलेल्या बाजूला, जरासं काहीतरी हललं. कोण वेडा, कशावरून, ते ताईने विचारलं नाही. शिडी धरून उभी राहिली.

संध्याकाळी दोघं गेल्यावर ताई डायरी घेऊन बसली आणि तारीख घालून तिने लिहिलं: गॅस संपला. नवी टाकी जोडली. नळी जुनी झाली आहे, बदलायला हवी.